आत्याची हरकत

आमच्या घराच्या गच्चीवरून जेवढं दिसतं तेवढं सगळं आपलंच, असा माझा एकोणीस वर्षांची होईपर्यंत पक्का समज होता. जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवाऱ्याच्या पुलाकडे उतरायला लागतो, त्याच्या जरा अलीकडे आमची कॉलनी होती. कॉलनी म्हणजे तेव्हा सात घरं, दोन अर्धवट चौथरे आणि एक मोठी पाटी. पाटीवर बाग, कारंजं आणि झोपाळ्यावर बसलेली दोन गोरी मुलं रंगवलेली होती. त्यातलं काहीच पुढे झालं नाही. आमचं घर अगदी शेवटचं, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून हल्केकक्कांचं मटाराचं शेत. शेताच्या खालच्या टोकाला तलैया, म्हणजे पावसाचं पाणी साठणारं छोटंसं तळं, आणि काठावर मोहाची तीन झाडं. हिवाळ्यात कॉलेजची पुस्तकं घेऊन मी गच्चीवर उन्हात बसायची आणि अभ्यास सोडून हे सगळं बघायची. पहिल्या वर्षी अर्थशास्त्रात नापास होण्याचं श्रेय मी आजही त्या शेतालाच देते.

घरात आम्ही चौघं होतो. बाबा कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते आणि घरातही वस्तू जागच्या जागी आहेत का हे बघत फिरायचे. आई फार बोलत नसे. तिचं म्हणणं भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचं. आणि बाबांची थोरली बहीण, आमची आत्या. ती वर्ध्याकडची. तिचे यजमान गेल्यावर तिथलं घर विकून ती आमच्याकडे आली. त्यातूनच हा प्लॉट घेतला, म्हणून रजिस्ट्री तिच्या नावावर होती. स्वयंपाकघरावर मात्र तिचा ताबा रजिस्ट्रीशिवायच होता. थंडी सुरू झाली की कक्का भिंतीवरून मटाराची टोपली पुढे करायचे, आणि आत्या त्याच टोपलीतून हिरव्या मिरच्यांचा ठेचा परत पाठवायची. मग दोन दिवस घरात सोलेभात. मटाराचे कोवळे दाणे, वर कच्च्या तेलाची धार, शेजारी लसणाची चटणी. बाहेर उताराला लागलेले ट्रक गियर बदलताना कण्हायचे, आणि शेतात कक्का पत्र्याचा डबा बडवत पोपटांना शिव्या द्यायचे. पोपट उडून आमच्या पेरूवर येऊन बसायचे, आणि मग आत्या त्यांना वर्ध्याच्या शिव्या द्यायची.

आमची मराठी उंबऱ्याच्या आतली. बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. नागपूरचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून गालात हसायचे, आणि ते गेल्यावर आम्ही त्यांच्या नकला करायचो. मी स्वतःला दोन्ही भाषांची पंडिता समजत असे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात ही पंडिताईच अंगाशी आली.

एके दिवशी पंचायतीच्या भिंतीवर तहसीलीचा इश्तहार चिकटलेला दिसला. कक्कांचं शेत एका कॉलनी कापणाऱ्यानं, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्यानं, घ्यायचं ठरवलं होतं. तो आधी शेतीच्या जमिनीचं डायवर्सन मागत होता, म्हणजे शेतीऐवजी घरं बांधायची परवानगी. ज्याला आपत्ति, म्हणजे हरकत, असेल त्यानं अमुक दिवसांत कळवावं, असं खाली लिहिलं होतं. शेत जाणार, तलैया बुजवणार, मोहाची झाडं जाणार, आणि तलैया गेली की आमच्या आवारातली विहीर उन्हाळ्यात आटणार. त्याच संध्याकाळी मी भूमी रक्षा समिती स्थापन केली. अध्यक्ष मी, सचिव मी आणि सर्वसामान्य सभासदही मीच. ठराव एकमतानं पास झाला.

"कक्का, तुमचं बरोबर आहे, पण..." असं म्हणत मी कक्कांकडे गेले असेन, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी गेले नाही. मला सुचलंच नाही. मी सदरच्या बाजारात गेले, कार्बन पेपर आणला, आणि सात घरांत वाटायला पत्रकं लिहिली. त्यांत कक्कांचं नाव नव्हतं. "लोभापायी मातीचा सौदा करणारे" असा उल्लेख होता. लिहिताना मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. खरं तर ज्यांच्या लोभाबद्दल मी लिहीत होते, त्या माणसाची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा ट्रकवर असायचा, गुडघे इतके गेले होते की भिंतीशी टोपली द्यायला आले की आधी भिंत धरून उभे राहायचे. मटार तोडायला मजूर मिळत नव्हते. शहपुऱ्याला मुलगी होती, ती बोलावत होती. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि डोक्यात शिरणं यांत तेव्हा माझ्या बाबतीत बरंच अंतर असे.

रात्री जेवताना बाबांनी पत्रक वाचलं, घडी घालून पाण्याच्या तांब्याखाली ठेवलं आणि विचारलं, "आणि आपण कुठं राहून राहिलो गं?"

"म्हणजे?"

"हे घर. हेही हल्केभैयांचंच शेत होतं ना? वरची पट्टी त्यांनी विकली, तिच्यात प्लॉट पडले, तिच्यात आपण."

"आपली गोष्ट वेगळी आहे," मी म्हणाले.

"कशी?"

मी गाल फुगवून ताटातला भात चिवडत बसले. आईनं कढईत झारा जोरात आपटला. तो कोणाला उद्देशून होता हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

हरकतीचा अर्ज मात्र आत्याच्या नावानंच द्यावा लागणार होता, कारण लागून असलेल्या प्लॉटची मालकीण ती. मी शुद्ध हिंदीत दोन पानी अर्ज लिहिला. आत्यानं सही केली. ती सही करताना जीभ दातांखाली धरायची. सुनावणीची तारीख लागली आणि मी तिची तयारी सुरू केली. तीन दिवस मी तिच्या मागे होते. ती वांगी चिरतेय, मी समोर; ती पोथी वाचतेय, मी शेजारी.

"आत्या, साहेब विचारतील, तुमची हरकत आहे का. तू काय म्हणशील?"

"हो, हरकत आहे."

"ठासून म्हण."

"हरकत आहे माय, हरकत आहे! काहून जीव घेऊन राहिली? मले काय कळत नाही का?"

मराठीत प्रश्न, मराठीत उत्तर. हरकत. तीन दिवस आम्ही तोच शब्द घोटला. तहसीलीत कोणी हा शब्द वापरणार नाही, इश्तहारातच दुसरा शब्द छापलेला आहे, हे दोन भाषांच्या पंडितेच्या लक्षात आलं नाही.

कचेरीत लाकडी बाकावर आम्ही दोघी, आणि समोरच्या बाकावर हल्केकक्का. धुतलेलं धोतर, डोक्याला साफा. त्यांनी आत्याला हात जोडले. आत्यानंही जोडले. मी खिडकीबाहेर बघितलं. नाव पुकारलं तसे आम्ही तिघं आत गेलो. तहसीलदार साहेब वयस्कर, शांत, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी माझा अर्ज उचलून दूर धरला.

"'वसुंधरा का हरित आँचल चीरा जा रहा है.' ये किसने लिखा?"

"मैंने, सर," मी मान ताठ करून म्हणाले.

"अच्छा लिखा है. आपका मकान किस खसरे में है, बेटी?"

खसरा म्हणजे जमिनीचा नंबर. तो मी अर्जात स्वतःच्या हातानं लिहिला होता. "इसी में, सर. मतलब... पहले इसी में था."

"तो आपका मकान बना, तब आँचल नहीं चिरा?"

मागे कोणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. साहेबांनी मला सोडलं आणि आत्याकडे वळले. "माताजी, प्लॉट आपके नाम है. आप बताइए. आपको कोई आपत्ति है?"

आत्या क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढा मोठा साहेब, चार माणसांत, एका विधवा बाईच्या संकटांची इतकी आपुलकीनं चौकशी करतोय, हे तिला अगदी आतून भिडलं. तिनं पदर सावरून हात जोडले.

"नहीं साहब. भगवान की दया से कोई आपत्ति नहीं. मालक गए तब बहुत थी. अब सब ठीक है. भाई अच्छा है, भावजय भी अच्छी है."

साहेबांशेजारच्या बाबूनं, म्हणजे कारकुनानं, मान खाली घालून लिहायला सुरुवात केली: आपत्तिकर्ता को कोई आपत्ति नहीं. मी आत्याच्या कोपराला चिमटा काढला. "आत्या, हरकत! हरकत!"

"हां!" तिला आठवलं. "हरकत है साहब! मेरी हरकत है!"

हिंदीत हरकत म्हणजे खोडी, उपद्व्याप. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "क्या हरकत है आपकी?"

"ये सब," आत्या अर्जाकडे बोट दाखवून ठासून म्हणाली. "मेरी, और इस लड़की की."

अख्खी कचेरी हसली. बाबू हसला, दारातला शिपाई हसला, आणि हल्केकक्का तर साफा तोंडाशी धरून हलत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि अगदी साध्या हिंदीत, सावकाश, कक्कांकडे हात करून विचारलं, की हे आपली जमीन विकताहेत, ते तुम्हाला चालेल की नाही.

आत्यानं आता प्रश्न नीट समजून घेतला.

"जमीन इनकी है ना?"

"हाँ, इन्हीं की है."

"तो फिर बेचें," आत्या म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. तिलवाऱ्याकडे जाणारा टेम्पो उभा होता, दुसरा तासाभरानं. त्यामुळे आम्ही दोघी एका बाजूला आणि समोर हल्केकक्का, गुडघ्याला गुडघे लागलेले, असे सगळे पक्षकार एकत्रच घरी निघालो. मी रागानं लाल. आत्यानं पिशवीतून लाह्यांचा पुडा काढला, आधी कक्कांपुढे धरला, मग माझ्यापुढे. मी नको म्हणाले. थोडा वेळ दोघं लाह्या खात बसले. मग आत्या बोलायला लागली, तिच्या त्या वर्ध्याच्या हिंदीत.

"हल्केभैया, मैंने भी बेचा था. वर्धा का घर. घर मेरे नाम पर, और बोलनेवाले दस. दीर बोले, गाँव बोला, मंदिर का पुजारी भी बोला. दो साल अटकाया. किसी ने ये नहीं पूछा कि बाई, तू अकेली वहाँ कैसी रहती." हे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. मी लाह्यांच्या पुड्याकडे बघत होते. "खेत तुम्हारा. बेचो. पर एक बिनती है. तलैया मत बुझाओ."

तिला म्हणायचं होतं, बुजवू नका, पण हिंदीत त्याचा अर्थ विझवू नका असा झाला. कक्का गोंधळले, मग त्यांच्या मिशा हलल्या. "तलैया कोऊ दिया है जिज्जी, जो हम बुझा दें?"

"वो मिट्टी डालते ना, वो."

"समझ गए." कक्कांनी हातातल्या लाह्या तोंडात टाकल्या. "पूरना तो हम सोई नईं चाहत. हमाए बाप की खोदी है. उत्तो टुकड़ा हम अपने नाम रख लेहें, कालोनीवारे को नईं देहें. मनो हमसे कोऊ ने पूछी नईं, जिज्जी. सीधो कागज आओ." म्हणजे बुजवणं त्यांनाही नको होतं, पण आधी विचारायला कोणी गेलं नव्हतं, थेट कागद गेला होता.

कागज कोणी पाठवला होता हे टेम्पोतल्या तिघांनाही माहीत होतं. दोघं माझ्याकडे न बघण्याची खबरदारी घेत होते, आणि ते जास्त लागलं.

तर तलैया वाचली ती अशी. लाह्यांच्या एका पुड्यावर. आज तिला कठडा आहे, सिमेंटची बाकं आहेत, 'यहाँ कचरा न डालें' अशी पाटी आहे आणि पाटीखाली कचरा आहे. मोहाचं एक झाड उरलंय. संध्याकाळी पोरं-पोरी मोबाइलवर स्वतःचे फोटो काढतात. मागे कॉलनीच्या लोकांनी समारंभ केला आणि तलैयाच्या रक्षणासाठी तरुणपणी लढा दिल्याबद्दल मला शाल-श्रीफळ दिलं. मी पर्यावरणावर वीस मिनिटं बोलले. आत्याचं नाव घ्यायचं अगदी जिभेवर होतं, पण टाळ्या सुरू झाल्या. नारळाची बर्फी केली, ती चांगली झाली होती.

पण मला जे लिहायचंय ते त्या टेम्पोनंतरचं. आठवड्याभरानं पटवारी मोजणीला आला. शेताची हद्द आखायची, आणि तलैयाचा तुकडा वेगळा काढायचा. जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, धरायला माणूस कमी होता. कक्का भिंतीशी येऊन म्हणाले, "मोड़ी को भेज दो, जिज्जी." मोड़ी म्हणजे इकडे मुलगी, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांना वाटलं होतं की कक्का मोडी लिपीबद्दल विचारताहेत. मी नको म्हणायच्या आत आत्यानं माझ्या पाठीत हात ठेवून मला दाराबाहेर काढलं.

इतकी वर्षं त्या शेताशेजारी राहून मी त्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पातळ चपला, चांगली सलवार. दहा पावलांत चिखलात रुतले. साखळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं पटवाऱ्याच्या, आणि कक्का काठी टेकत माझ्या बाजूनं चालत होते. जवळून बघितलं तेव्हा कळलं, की लांबून जे एकसारखं हिरवंगार दिसायचं त्यातलं निम्मं मटार नव्हतंच. चाकवत, गवत आणि काटेरी झुडपं होती. वरच्या चार वाफ्यांत मटाराचे वेल होते, आणि त्यांवरच्याही कितीतरी शेंगा न तोडता वाळून पिवळ्या पडल्या होत्या. मी दोन पानं भरून ज्या हिरव्या पदराबद्दल लिहिलं होतं, तो बराचसा रानाचा होता.

"ये सब घास है?" मी विचारलं.

"निंदाई नईं हो पाई," कक्का म्हणाले. "पैलऊँ हमाई घरवारी करत थी. फिर हम करत रए, जब लौं बैठत बनो." म्हणजे गुडघे बसू देत होते तोवर.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, की मला हे शेत फार आवडायचं, रोज बघायची मी, विकलं जाणार कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं.

कक्का थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. माझी खरोखरच अडचण समजून घ्यावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "इत्तो नोनो लगत थो बिटिया, तो कोनऊ दिना निंदाई करन काय नईं आईं?"

इतकं आवडायचं तर एखाद्या दिवशी निंदायला का नाही आलीस.

ते रागावले असते तर मी भांडले असते. भांडायला मी तयारच असायची. पण भिंत ओलांडून दोन तास यायला मला कोणीच अडवलं नव्हतं. मला स्वतःची खूप लाज वाटली आणि रडू यायला लागलं, म्हणून मी खाली वाकून चपलेतला नसलेला काटा काढत बसले. तिकडून पटवाऱ्यानं हाक मारली, "बिटिया, जरीब ढीली मत छोड़ो, नाप गलत आएगा!"

मी उठले आणि दोन्ही हातांनी साखळी ताणून धरली.